महाडीबीटी शिष्यवृत्ती पोर्टल: फॉर्म दोन तासांचा, पाठपुरावा वर्षभराचा

महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलची बदनामी होते ती फॉर्मच्या नावाने, पण फॉर्म हा त्यातला सगळ्यात सरळ भाग आहे. कागदपत्रं हाताशी असली की नोंदणीपासून सबमिटपर्यंत दोन-तीन तास पुरतात. पैसे अडकतात ते त्यानंतर, आणि अडकण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत: कॉलेजमधल्या क्लार्कचं लॉगिन, विभागाचं टेबल आणि शेवटी बँक. बहुतेक मुलं सबमिट करून प्रिंट काढतात, कॉलेजात जमा करतात आणि मोबाइलवर मेसेज येण्याची वाट बघत बसतात. पोर्टल चांगलं की वाईट, हे त्या वाट बघण्याच्या काळातच कळतं.

सामाजिक न्याय, आदिवासी विकास, इतर मागास बहुजन कल्याण, उच्च शिक्षण, तंत्रशिक्षण, वैद्यकीय शिक्षण अशा विभागांच्या दहावीनंतरच्या शिष्यवृत्त्या एका दारातून देण्यासाठी हे पोर्टल २०१७-१८ या शैक्षणिक वर्षात सुरू झालं. त्याआधी महाईस्कॉल नावाचं पोर्टल होतं. पहिल्या वर्षी पोर्टल असं कोलमडलं की शेवटी अर्ज ऑफलाइन घ्यावे लागले. तेव्हाची भीती अजून घराघरांत आहे, आणि सायबर कॅफेवाल्यांचा धंदा बऱ्याच अंशी त्या भीतीवरच चालतो. आजची स्थिती तितकी वाईट नाही. शेवटच्या तारखेचे दोन-तीन दिवस सोडले तर साइट चालते, ओटीपी येतो आणि भरलेली माहिती जतन होते. नोंदणीला ५ पैकी ४ गुण द्यायला हरकत नाही.

आधी मिळतं काय ते पाहू, कारण घरात याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज असतात.

खुल्या प्रवर्गातल्या, वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. कॉलेजच्या ऑफिसात तिला ‘ईबीसी’ (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) म्हणतात. तिच्यात शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. शिक्षण शुल्काची, एकूण फीची नव्हे. समजा शुल्क नियामक प्राधिकरणाने एका इंजिनीअरिंग कॉलेजची फी १ लाख १० हजार ठरवली आणि त्यात १ लाख शिक्षण शुल्क, १० हजार विकास शुल्क आहे. ईबीसीतून मुलाला ५० हजार मिळतील. उरलेले ५० हजार आणि विकास शुल्काचे १० हजार घरातूनच जातील. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के मिळतं. वरच्या हिशेबात मुलीचे १ लाख वाचतात, पण विकास शुल्काचे १० हजार भरावेच लागतात. ‘मुलींना फी माफ’ एवढंच ऐकून रिकाम्या हाताने ॲडमिशनला गेलेल्या पालकांची खिडकीवर जी हुज्जत होते, ती या १० हजारांवरून. अनामत, जिमखाना, बस, वसतिगृह हे सगळंही वेगळंच.

अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं या सवलतीतून वगळलेली आहेत. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेला प्रवेशही चालत नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅप राऊंडमधूनच, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच, सीट मिळालेली असावी लागते. हे प्रवेशाआधी कळलं तर उपयोग. फी भरल्यावर कळलं तर पोर्टलवर योजना दिसतच नाही आणि मग दोष पोर्टलला जातो.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नमर्यादा अडीच लाख. फीशिवाय वर्षाला शैक्षणिक भत्ता मिळतो आणि तो अभ्यासक्रमाच्या गटावर ठरतो. इंजिनीअरिंग, मेडिकलसारख्या पहिल्या गटात वसतिगृहात राहणाऱ्याला १३,५०० आणि घरून येणाऱ्याला ७,००० रुपये. दुसऱ्या गटात ९,५०० आणि ६,५००. साध्या बीए, बीकॉम, बीएस्सीच्या तिसऱ्या गटात ६,००० आणि ३,०००. अकरावी, बारावी, आयटीआयच्या चौथ्या गटात ४,००० आणि २,५००. उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेलं तर फ्रीशिप मिळते, म्हणजे शिक्षण आणि परीक्षा शुल्क मिळतं, भत्ता नाही.

या योजनेत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के आहे. राज्याने आपला वाटा दिल्यावर केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यामुळे पासबुकात दोन वेगवेगळ्या तारखांना, वेगवेगळ्या आकड्यांच्या रकमा दिसतात आणि मुलांना वाटतं की पैसे कमी आले. तसं नसतं. दोन्हींची बेरीज करून मंजूर रकमेशी ताडून पाहा. खात्यात आलेल्या रकमेत कॉलेजची फीसुद्धा असते आणि ती ७ दिवसांत कॉलेजला भरायची असते. घरची नड भागवायला ते पैसे वापरले गेले, की पुढच्या सत्राला परीक्षेचा फॉर्म अडतो. ज्या घरात वर्षभर एवढी रक्कम एकदम बघायला मिळत नाही, तिथे ती मुलाच्या खात्यात टाकून आठवड्यात परत भरा म्हणणं हा कागदावरचा शहाणपणा आहे. पण नियम तसा आहे, तेव्हा पैसे आले त्याच दिवशी फी भरून पावती घेतलेली बरी.

आता फॉर्मकडे. प्रोफाइलमध्ये वैयक्तिक माहिती, पत्ता, इतर माहिती, सध्याचा अभ्यासक्रम, मागील शिक्षण आणि वसतिगृह असे टॅब आहेत. सगळे मिळून १०० टक्के झाल्याशिवाय योजनेला हात लावता येत नाही. नोंदणी आधार क्रमांकाने करा. नाव आधारवरून येतं, त्यामुळे आधारवर ‘सुनिता’ आणि दहावीच्या मार्कशीटवर ‘सुनीता’ असेल तर तो फरक इथेच दिसतो. अशा वेळी आधी आधार दुरुस्त करून घ्या आणि मग प्रोफाइल भरा. उलटं केलं तर दोनदा काम होतं. मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्यायचा. कॅफेवाल्याने आपला नंबर टाकून ठेवला तर पुढच्या वर्षी पासवर्ड बदलायला त्याच्याच दारात जावं लागतं, आणि तोवर त्याने दुकान बंद केलेलं असतं.

कागदपत्रं १५ ते २५६ केबीच्या आत बसवावी लागतात. मोबाइलने काढलेला फोटो दोन-तीन एमबीचा असतो, म्हणून आधी स्कॅनिंग ॲपमधून काळा-पांढरा पीडीएफ करून घ्या. फार दाबून लहान केलेल्या दाखल्यावरचा शिक्का वाचता येत नाही आणि अर्ज तेवढ्यावरून परत येतो. अपलोड केल्यावर तो एकदा उघडून, बारकोड आणि तहसीलदारांची सही दिसते का ते पाहा. आपले सरकारवरून किंवा सेतूतून काढलेल्या उत्पन्न आणि जातीच्या दाखल्यांवर बारकोड असतो. तो क्रमांक टाकला की दाखल्याची माहिती आपोआप भरते आणि पुढे पडताळणीही सोपी जाते. जुना, हस्तलिखित जातीचा दाखला असेल तर सुट्टीतच नवा डिजिटल काढून ठेवा.

उत्पन्नाच्या दाखल्यावर थोडं थांबायला हवं, कारण परत येणाऱ्या अर्जांत त्याचा वाटा मोठा असतो. दाखला तहसीलदारांचा लागतो. एक वर्षाचा असतो किंवा तीन वर्षांचा, आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते. उत्पन्न आई-वडील दोघांचं मिळून, आधीच्या आर्थिक वर्षाचं धरलं जातं. दाखल्यावर ९६,००० असेल तर प्रोफाइलमध्येही ९६,०००च टाकायचे. ‘एक लाखाच्या आतच आहे’ म्हणून ९०,००० टाकले, तर अर्ज विसंगतीच्या शेऱ्यासह परत येतो. नॉन-क्रिमीलेअरचीही मुदत ३१ मार्चलाच संपते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये दोन्ही एकदम काढावेत. जूनमध्ये सेतूत रांगा लागतात आणि दाखला वेळेत मिळेल याचा भरवसा राहत नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्याचा अर्ज अकरावी-बारावीतच केलेला असावा.

मधे एखादं वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र जोडा. वडील नसतील तर मृत्यूचा दाखला लागतो. ईबीसीचा लाभ कुटुंबातल्या दोनच अपत्यांना मिळतो, तिथे शिधापत्रिका आणि घोषणापत्र पाहिलं जातं.

सध्याच्या अभ्यासक्रमाच्या टॅबमध्ये एक चूक दरवर्षी होते. कॉलेजचं नाव निवडलं की अभ्यासक्रमांची यादी उघडते. त्यात एकाच शाखेच्या दोन-तीन नोंदी असू शकतात: बीई आणि बीटेक, पहिली पाळी आणि दुसरी पाळी, जुना आणि नवा अभ्यासक्रम. प्रत्येकीला वेगळी फी जोडलेली असते. चुकीची नोंद निवडली तर मंजूर रक्कमही चुकीची येते. अर्ज सबमिट करण्याआधी पडद्यावर जी रक्कम दिसते ती फीच्या पावतीशी जुळते का ते बघा. नाही जुळली तर पुढे जाऊ नका. अभ्यासक्रम यादीत दिसतच नसेल तर तो कॉलेजने त्या वर्षासाठी पोर्टलवर भरून विभागाकडून मंजूर करून घेतलेला नसतो. त्यावर विद्यार्थ्याकडे उपाय नाही. शिष्यवृत्ती विभागात जाऊन क्लार्कला सांगायचं, एवढंच.

दुसऱ्या वर्षाला जाताना मुलं नवीन अभ्यासक्रमाची नोंद करतात आणि पहिल्या वर्षाची तशीच ‘चालू’ ठेवतात. त्याने अर्ज नूतनीकरणात जात नाही. आधी पहिल्या वर्षाची नोंद उघडून निकाल आणि टक्केवारी भरा, मग त्याच अभ्यासक्रमाचं दुसरं वर्ष जोडा. विद्यापीठ सीजीपीए देत असेल तर टक्केवारीत बदलायचं सूत्र विद्यापीठाचंच वापरा. दहाने गुणून टाकलेला आकडा पडताळणीत उघडा पडतो. पोर्टलने इथे साधी सूचना दिली असती तर हजारो अर्ज सुधारायला परत पाठवावे लागले नसते. या टॅबला ५ पैकी २.

‘पात्र योजना’मध्ये हवी ती योजना दिसत नसेल तर पोर्टल बिघडलेलं नसतं, प्रोफाइलमधलं एखादं उत्तर तिला गाळत असतं. तुम्ही पगारदार आहात का, या प्रश्नाला वडिलांची नोकरी समजून ‘हो’ टाकलेलं असतं. प्रश्न विद्यार्थ्याबद्दल असतो. किंवा प्रवेशाच्या प्रकारात कॅपऐवजी दुसराच पर्याय निवडलेला असतो, नाहीतर जातीचा तपशील अर्धवट सुटलेला असतो. एकेक टॅब उघडून बघा, योजना परत दिसते. ईबीसीबरोबर राहण्याच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचा वेगळा अर्ज करता येतो, मात्र अल्पभूधारक किंवा नोंदणीकृत मजुराचा दाखला, वसतिगृहाचा किंवा भाडेकराराचा कागद लागतो. हा दुसरा अर्ज निम्मी मुलं विसरतात.

सबमिट झाल्यावरचा प्रवास असा: कॉलेजचा क्लार्क तपासतो, प्राचार्यांच्या लॉगिनमधून मंजूर होतो, मग विभागाकडे जातो, तिथल्या टेबलांवरून निधीसाठी पुढे सरकतो. डॅशबोर्डवर ‘छाननी सुरू’ असं दिसतं, पण ती कुणाच्या टेबलावर सुरू आहे ते अर्जाच्या तपशिलात जाऊन बघावं लागतं. महिनाभर ‘संस्था स्तर’ दिसत असेल तर समाजकल्याण कार्यालयात जाण्यात अर्थ नाही. काम कॉलेजात अडलंय. क्लार्ककडे शेकडो अर्ज असतात आणि तो ते छापील प्रती आल्या त्या क्रमाने काढतो. म्हणून प्रिंटबरोबर सगळ्या कागदांच्या झेरॉक्स, साक्षांकित, अर्जातल्याच क्रमाने लावून दिल्या तर तुमचा अर्ज त्याच दिवशी पुढे जाण्याची शक्यता वाढते. वर स्टेपल, बाजूला अर्ज क्रमांक पेनाने.

‘सेंड बॅक’ आलं तर घाबरायचं काम नाही, पण दिवस मोजायला लागायचं. परत आलेला अर्ज ठरलेल्या मुदतीत दुरुस्त करून पुन्हा पाठवला नाही तर तो त्या वर्षापुरता बाद होतो. मेसेज नेहमी येतोच असं नाही, त्यामुळे आठवड्यातून एकदा लॉगिन करा. शेरा इंग्रजीत आणि एका ओळीचा असतो. नुसतं ‘कागदपत्र योग्य नाही’ एवढंच लिहिलेलं असेल तर कोणतं, हे क्लार्कला फोन करून विचारल्याशिवाय काहीही बदलू नका. अर्ज भरायच्या तारखा दरवर्षी वाढवल्या जातात हे खरं, पण कॉलेजच्या तपासणीची तारीख वेगळी असते आणि ती विद्यार्थ्यांना फारशी सांगितली जात नाही.

मंजुरीनंतर व्हाउचर तयार होतं. डॅशबोर्डवर ‘रिडीम’ दिसलं तर ते दाबा. काही रकमा विद्यार्थ्याच्या, काही कॉलेजच्या लॉगिनमधून निघतात. रक्कम दोन हप्त्यांत येते.

बँकेचा भाग सगळ्यात कमी समजलेला आहे. पैसे खाते क्रमांकावर येत नाहीत, आधार क्रमांकावर येतात. एनपीसीआय या बँकांमधले पेमेंट व्यवहार चालवणाऱ्या संस्थेच्या नोंदीत त्या आधारला जी बँक जोडलेली असेल तिथेच जातात, आणि एका वेळी एकच बँक जोडलेली असते. बँकेत आधारची झेरॉक्स देऊन केवायसी (ओळख पडताळणी) झालं म्हणजे सीडिंग, म्हणजे ही जोडणी, झालं असं नाही. आधारच्या वेबसाइटवर लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा. तिथे बँकेचं नाव आणि ‘सक्रिय’ दिसलं तरच ठीक. नसेल तर बँकेत जाऊन एनपीसीआय मॅपिंगचा संमती फॉर्म द्या आणि काही दिवसांनी परत तपासा. मधेच मोबाइलवरून पेमेंट बँकेचं खातं उघडलं आणि तिथे सरकारी अनुदान घ्यायला ‘हो’ म्हटलं, की मॅपिंग तिकडे सरकतं. पेमेंट बँकेत दिवसअखेर २ लाखांहून जास्त ठेवता येत नाही.

शाळेत असताना काढलेली ‘लहान खाती’ हा आणखी एक खड्डा. पूर्ण केवायसी नसलेल्या अशा खात्यात ५०,००० पेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही, वर्षाला १ लाखापेक्षा जास्त जमा होत नाही आणि महिन्याला १०,००० च्या वर काढता येत नाही. इंजिनीअरिंगच्या फीसारखी मोठी रक्कम आली की ती अडकू शकते आणि डॅशबोर्डवर ‘व्यवहार अयशस्वी’ दिसू शकतं. अल्पवयीन असताना उघडलेलं खातं १८ पूर्ण झाल्यावर स्वतःच्या सहीने रूपांतरित केलेलं नसेल तरी ते गोठतं. ॲडमिशनच्या आठवड्यातच बँकेत जाऊन खातं साधं बचत खातं करून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

महाडीबीटीवर सगळी भिस्त ठेवू नका. केंद्राच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर बारावीला बोर्डाच्या वरच्या २० टक्क्यांत आलेल्या, साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी पदवीला वर्षाला १२,००० आणि पदव्युत्तरला २०,००० रुपयांची योजना आहे. तंत्रशिक्षण परिषदेची ‘प्रगती’ योजना पहिल्या वर्षाला किंवा थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलींना वर्षाला ५०,००० देते. दोन शिष्यवृत्त्या एकाच वेळी घेता येत नाहीत अशी अट बहुतेक ठिकाणी असते, म्हणून अर्जाआधी दोन्हींचा हिशेब कागदावर मांडा. ईबीसीतून ५० हजार सुटत असतील तर १२ हजारांच्या मागे लागून ती गमवायची का, हे ठरवणं अवघड नाही. तो केंद्राचा फॉर्म आटोपशीर आहे आणि स्थिती जास्त स्पष्ट दाखवतो. महाडीबीटीने त्याच्याकडून तेवढं उचलायला हवं.

शेवटच्या वर्षाचा दुसरा हप्ता बऱ्याचदा निकाल लागल्यावर, कधी मुलगा नोकरीला लागल्यावर येतो. तोवर जुनं खातं बंद करू नका आणि मोबाइल नंबर बदलू नका. कंपनीने पगारासाठी नवं खातं उघडलं आणि तिथे आधार सीडिंग झालं असेल, तर तो हप्ता गावच्या बँकेत येणार नाही. पगाराच्या खात्याचं पासबुक बघा.